रांजण आणि रकाना

घाटघरशेजारी नाणेघाटात दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं सांगतात. साठा किती, ते डोकावलं की कळे. त्यासाठी एमएससीआयटी लागत नसे.

सरकारी औषध भांडारातल्या वरिष्ठ पदाच्या भरतीला मात्र फार्मसीची पदवी हवी, 1948च्या कायद्याखाली नोंदणी हवी, अनुभव हवा, वर संगणकाचा कागद. हवंच हो! नोंदणीशिवाय गोळीला हात लावू नये. पण भातलावणीत पायाला साप डसला, तर 2 ते 8 अंशांत ठेवायचं सर्पदंशावरचं पातळ प्रतिविष वीज गेल्यावर कुठं ठेवायचं, हे अर्जात कुणी विचारत नाही.

साहेब, जाहिरातीत एक रकाना वाढवा: ‘उमेदवाराने आषाढात घाटघरला आठ दिवस काढलेले असावेत.’