चोर सोडून सेन्सरला फाशी

अमेरिकेत १९९६ सालापासून मोटारींना आणि हलक्या ट्रकना एकाच पद्धतीची निदानव्यवस्था सक्तीची झाली. तेव्हापासून 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला की स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसायचा, 'पी ०१७१' असा कोड वाचायचा आणि ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे व्हायचे, हा जुन्या पिकअपवाल्यांचा कुळाचारच होऊन बसला आहे. दिवा पुन्हा लागतो. मग दुसऱ्या बाजूचा सेन्सर बदलतात. दिवा पुन्हा लागतो. व्ही-८ इंजिनाच्या अशा ट्रकला बहुधा चार सेन्सर असतात, त्यामुळे हा उत्साह चार वेळा दाखवण्याची सोय कंपनीनेच करून ठेवली आहे. गंमत म्हणजे 'पी ०१७१' या कोडात सेन्सरवर ठपकाच नाही. पहिल्या बाजूच्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढीच ती फिर्याद. सेन्सर इथे साक्षीदार आहे, आणि आपण बहुतेक वेळा चोर सोडून त्यालाच फासावर चढवतो.

आता हा साक्षीदार बघतो तरी काय? त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची छोटी नळी असते. तिच्या आत बाहेरची हवा, बाहेरून इंजिनाचा धूर. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर तो वीज तयार करतो. धुरात ऑक्सिजन उरला नाही तर ०.९ व्होल्टच्या आसपास, भरपूर उरला तर ०.१च्या आसपास. पेट्रोल त्याला दिसतच नाही. त्यामुळे एखाद्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल गेली, तर न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही धुरात येतात आणि सेन्सर इमानेइतबारे सांगतो, "ऑक्सिजन फार आहे." कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडले, आणि आधीच पेट्रोलने न्हालेल्या इंजिनाला आणखी पाजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले स्टड तुटून फट पडली की तिथूनही बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा तीच जबानी होते. साक्ष शंभर टक्के खरी, निकाल शंभर टक्के चुकीचा.

फोर्डच्या १९९७ ते २००३च्या एफ-१५० ट्रकचेच बघा. 'पी ०१७१' आणि 'पी ०१७४' असे दोन्ही बाजूंचे कोड जोडीने येतात. दोन बाजूंना बसलेले दोन सेन्सर एकाच आठवड्यात, एकाच सुरात खोटे बोलू लागतील, हे कोणत्या न्यायाधीशाला पटेल? दोघांनाही भोवणारे काहीतरी एकच बिघडलेले असते. इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी, पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत आत ओढून घेणाऱ्या, नळीचा रबरी कोपर असतो. वर्षानुवर्षे तेलाची वाफ पिऊन तो लोण्यासारखा मऊ होतो आणि नेमका खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने चिरतो. त्या चिरेतून मोजदाद न झालेली हवा आत शिरते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा वाचला तर हा चोर सापडतो. निवांत चालणाऱ्या इंजिनात आकडा खूप वर आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना खाली उतरला, तर हवेची गळती शोधावी. उलट, ओझे वाढेल तसा आकडा चढत गेला, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या मळक्या सेन्सरकडे वळावे.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात, "पण सेन्सर बदलल्यावर दिवा गेला ना!" गेला, कारण कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली. बरेचसे कोड गाडीच्या सलग दोन खेपांत दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत, म्हणून समाधानाला एक-दोन दिवसांची मुदत मिळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सेन्सरही म्हातारा होतोच की! होतो. त्याची चाल मंदावते, हीटर जळतो. 'पी ०१३५' हा तर थेट हीटरच्या सर्किटचा कोड. पण तिथेही आधी फ्यूज बघावा, तापलेल्या पाइपला टेकून वितळलेली वायर बघावी, मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजावा. सेन्सर तापलेला असताना हवेच्या वाटेने थोडा प्रोपेन सोडावा. व्होल्टेज झटकन ०.९कडे उडाले तर साक्षीदार ठणठणीत आहे. आळसावून चढले किंवा हललेच नाही, तर खुशाल बदला. आणि बदलताना बाजू तपासा. पहिली बाजू म्हणजे पहिल्या सिलिंडरची. चालकाच्या जागेवरून पाहता फोर्डच्या व्ही-८मध्ये ती उजवीकडे, शेव्हरोलेच्या व्ही-८मध्ये डावीकडे. हे न बघणारा माणूस खरा गुन्हेगार सापडल्यावरही त्याच्या शेजाऱ्याला लटकवतो.

शेवटचा आक्षेप वेळेचा. एवढी चौकशी कोण करणार, त्यापेक्षा भाग बदलणे सोपे. सोपे आहे खरेच, कारण सुट्या भागांच्या दुकानात कोड फुकट वाचून देतात. फक्त ज्या काउंटरवर तो फुकट वाचून मिळतो, त्याच काउंटरमागच्या फळीवर सेन्सर विकायला ठेवलेले असतात, एवढे लक्षात ठेवावे.