अपिलात रमलेले अण्णा

कोकणच्या माणसाला दाव्यावाचून करमत नाही, हा घाटावरच्या मंडळींनी उठविलेला प्रवाद निव्वळ द्वेषमूलक आहे असे म्हणण्याची माझी फार इच्छा आहे. परंतु ज्या रत्नागिरी जिल्ह्यात एकाच फणसाचे हिस्सेदार मुंबई, पुणे आणि बडोदे येथे विखुरलेले असतात व परस्परांना केवळ नोटिशींच्या द्वारे ओळखतात, त्या जिल्ह्याचा रहिवासी असल्यामुळे ती इच्छा मला आवरावी लागते. कुळकायदा जुना झाला, भाऊबंद थकले, वकिलांची मुले संगणक शिकून परदेशी गेली, तरी ही पिढीजात वृत्ती नष्ट झाली नाही; तिने फक्त न्यायासन बदलले. तिचे अर्वाचीन स्वरूप ज्यास पाहावयाचे असेल त्याने मारुती मंदिराच्या आसपास राहणाऱ्या, सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या आणि घरच्या संगणकावर लिनक्स चालविणाऱ्या गृहस्थाची गाठ घ्यावी. त्यांस आपण अण्णा म्हणू. असे अण्णा चिपळुणात आहेत, दापोलीतही आहेत. पण रत्नागिरीच्या अण्णांना जिल्ह्याच्या ठिकाणाचा म्हणून जो एक अधिकार असतो तो तालुक्याच्या अण्णांना नाही.

अण्णांना विंडोज चालत नाही, हे समजण्यासारखे आहे. ज्याचा वसूल भरावयाचा आणि ज्याचे मूळ कागद मात्र कधी पाहावयास मिळावयाचे नाहीत, अशा व्यवहारात त्यांना खोताच्या अमलाचा वास येतो. न समजण्यासारखी गोष्ट ही की, जी लिनक्स सुरळीत चालते तीही त्यांना चालत नाही. सी-डॅकने २००७ साली काढलेली ‘बॉस’ ही स्वदेशी प्रणाली त्यांनी एकदा मोठ्या अभिमानाने बसविली होती. डेबियनच्या पायावर उभारलेली असल्यामुळे तिच्यात हवे ते सारे विनातक्रार बसले, प्रिंटरने पहिल्याच हुकमाला कागद बाहेर टाकला, आणि अण्णा दिवसेंदिवस उदास दिसू लागले. अखेर त्यांनी स्लॅकवेअरचा आश्रय केला. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी १९९३ साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही प्रणाली हयात असलेल्या लिनक्स-घराण्यांत सर्वांत वडीलधारी असून, एका सॉफ्टवेअरला दुसऱ्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरची गरज आहे याचा तपास ती स्वतः करीत नाही, तो मालकावर सोपविते. इतर लोक या गोष्टीस उणीव म्हणतात. अण्णा अधिकार म्हणतात.

एका वैशाखात शेजारचे आंबा-बागायतदार त्यांच्याकडे पीकविम्यासंबंधी एक तक्रार-अर्ज टंकून घेण्यासाठी आले. वास्तविक अर्ज एका पानाचा. परंतु अर्ज लिहिण्याचे साधनच जेथे रीतसर प्रस्थापित नाही तेथे अर्ज लिहिणे हे अण्णांच्या मते बेकायदा होते. लिबरऑफिस उतरवून घ्यावे म्हणून त्यांनी शोध केला, तेव्हा लिनक्सकरिता तयार संच दोनच आढळले, डेब आणि आरपीएम, म्हणजे डेबियन आणि रेड हॅट या दोन घराण्यांच्या वहिवाटीचे. स्लॅकवेअरचे त्या कागदात नावच नव्हते. सात-बारावरून आपले नाव परस्पर गाळले गेल्याचे कळताच अस्सल कोकणी माणसाच्या चर्येवर जे तेज चढते, ते त्या क्षणी अण्णांच्या चर्येवर चढले.

खरे म्हणजे आरपीएमचे स्लॅकवेअरच्या संचात रूपांतर करणारी एक लहानशी सोय त्या प्रणालीतच असते, आणि पुतण्याने तसे सुचविलेही.

“मागल्या दाराने नाव लावून घेऊ म्हणतोस?” अण्णा म्हणाले, “आणि उद्या कुणी हरकत घेतली म्हणजे?”

तेव्हा मूळ सोर्सकोडपासूनच सारे बांधावयाचे ठरले. तत्पूर्वी बागायतदारांना मिळकतीचा इतिहास ऐकावा लागला: जर्मनीतील स्टार डिव्हिजनकडून १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने केलेली खरेदी, २००० साली ओपनऑफिस या नावाने सर्वांस खुला झालेला सोर्सकोड, २०१० साली सनची सारी मालमत्ता ओरॅकलकडे जाणे, आणि त्याच वर्षी भाऊबंदकी होऊन लिबरऑफिसने मांडलेली वेगळी चूल. बागायतदारांनी मध्येच एकदा विम्याच्या मुदतीचा उल्लेख केला. अण्णांनी तो विषयांतर म्हणून फेटाळला.

पुढील प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. यंत्राने एक लायब्ररी गैरहजर असल्याचे कळवून काम थांबवावे, अण्णांनी ती पैदा करून बसवावी, तिने आपल्या आधीच्या दुसरीचा दाखला मागावा, आणि दुसरी सापडावी तर तिची आवृत्ती मान्य होऊ नये. फेरफाराला वारसदाखला, वारसदाखल्याला मृत्यूचा दाखला आणि मृत्यूच्या दाखल्याला मयताचे खरे नाव मागणाऱ्या कचेरीत ज्याने उभा जन्म काढला, आणि तोही खिडकीच्या आतल्या बाजूस, त्याला आता बाहेरच्या बाजूस उभे राहण्यात केवढा आनंद होत होता! प्रत्येक नकाराची नक्कल ते वहीत तारीख घालून उतरवीत. “अहो, तो बिचारा ताटकळलाय, हातानं लिहून द्या ना,” असे वहिनींनी सुचविले, त्यावर अण्णांनी त्यांच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तिचे वर्णन करवत नाही.

सर्व लायब्ऱ्या हजर झाल्या आणि प्रत्यक्ष बांधणी सुरू झाली तोवर मृग लागला होता. लिबरऑफिसचा सोर्सकोड अवाढव्य. जुन्या यंत्रावर तो रात्रंदिवस शिजत राहतो. आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर रत्नागिरीतील वीज जाते हे शाळकरी पोरासही ठाऊक आहे. ती गेली, आली, पुन्हा गेली. अण्णा मेणबत्तीच्या उजेडात वही वाचीत बसले.

आषाढात एकदाचे लिबरऑफिस उघडले. अण्णांनी ‘रत्नागिरीच्या किनाऱ्यावर’ एवढे शब्द टंकून ऱ्या नीट उमटल्याची खातरजमा केली आणि बागायतदारांना बोलावणे धाडले. त्या भल्या माणसाने मुदत टळू नये म्हणून कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात अर्ज केव्हाच करून घेतला होता, दाखल केला होता, आणि विम्याचे पैसेही त्याच्या खात्यात पडले होते. परंतु वडिलकीचा मान राखावा म्हणून तो दुकानातली फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन आला. अण्णांनी ती उघडली. दुकानदाराने युनिकोडपूर्व काळातला फाँट वापरला असल्यामुळे पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा खच पडला.

“राहू दे, अण्णा,” बागायतदार घाईघाईने म्हणाले, “पैसे मिळाले हो मला!”

पण अण्णांनी नवी वही उघडून वर तारीख घातली होती, चष्मा सारखा केला होता, आणि आत चहाची वर्दी दिली होती. “पैशांचं सोडा,” ते म्हणाले, “हा फाँट मुळात कुणाच्या ताब्यात आहे, ते आधी पाहू.”