काय होतंय त्याला!

डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक दादा असतात. वय पन्नाशीपुढे, पोटऱ्या दगडासारख्या आणि सामान असं, की भंगारवाल्यानेही "घरी विचारलंय का?" म्हणावं. आमच्या नगरच्या दादांना त्यातली कुठलीही वस्तू दाखवून "टिकेल का हे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय होतंय त्याला!"

त्यांच्या सॅकचा एक पट्टा सायकलच्या ट्यूबचा आहे. चेन गेली तिथे सेफ्टी पिना आहेत. टॉर्च दोन थपडा खाल्ल्याशिवाय लागत नाही. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. सॅकच्या झाकणावरचा पत्ता अजून 'अहमदनगर' असाच आहे आणि त्याखालचा फोन नंबर पाच आकडी.

गेल्या ऑक्टोबरात हरिश्चंद्रगड ठरला. संगमनेर, अकोले, राजूर करत पाचनईला उतरलो. तिथे दादांनी पिशवीतून बूट काढले. कातडी, जाड तळाचे, भाच्याने परदेशातून आणलेले. "बारा वर्षं झाली. फक्त सहा वेळा घातलेत," असं ते म्हणाले. लग्नातला शालू दाखवताना बायका म्हणतात, तसं.

आता हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. असल्या बुटांच्या तळात पुष्कळदा पॉलियुरेथेनचा थर असतो. तो हवेतला दमटपणा पिऊन आतून कुजतो. कपाटात जपून ठेवला तरी कुजतो. तंबूच्या कापडात पाणी शिरू नये म्हणून आतून जो लेप देतात, तोही बऱ्याचदा त्याच जातीचा. म्हणजे दादा बारा वर्षं ज्याला जपणूक समजत होते, त्या काळात बूट आणि तंबू दोघंही माळ्यावर गुपचूप मरत होते.

कड्याखालची आडवी वाट सरून ओढा लागला आणि डाव्या बुटाने आ वासला. दादा तसेच फटक् फटक् करत दहा पावलं चालले. मग तळ ओढ्यातच राहिला. मी उचलायला गेलो तर चहात जास्त वेळ बुडालेल्या टोस्टसारखा हातात भुगा आला. पाठोपाठ उजवा. दादांनी शांतपणे सुतळी काढली आणि उरलेसुरले बूट पायांना बांधायला घेतले. मागून डोक्यावर सामान घेऊन गडावर निघालेली एक मावशी, पायात साध्या रबरी चपला, थांबून बघू लागली.

"पोराची चप्पल आणून देऊ का, बाबा?"

"नको, मावशी. काय होतंय त्याला!"

मावशीने बुटांकडे नीट पाहिलं. "आता काय व्हायचं राह्यलंय?" म्हणाली आणि चढून गेलीसुद्धा.

तंबू कोकणकड्याजवळच लावायचा हाही दादांचाच हट्ट. त्या कड्यावर वारा खालून वर येतो. टोपी टाकली तर परत अंगावर येते म्हणतात. दादांचा चार काठ्यांचा तंबू उलगडला तेव्हा आंबट वास सुटला. कापड कापडाला चिकटलेलं होतं. सोलून काढताना आतल्या लेपाचे पापुद्रे केसांत पडले. "कोंडा आहे, झटक," दादा म्हणाले. नऊला पाऊस आला. दहाला पहिली काठी गेली.

गडावर केदारेश्वराची गुहा आहे. पिंडीभोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे आणि भोवती कंबरभर गार पाणी. तो शेवटचा खांब पडला की कलियुग संपणार, अशी समजूत आहे. रात्री एकपर्यंत आमच्या तंबूने ही गुहा हुबेहूब वठवली. पाणी कंबरभर नव्हतं, पण आम्ही आडवे होतो, त्यामुळे कंबरेला लागतच होतं. उरलेली एक काठी मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. कलियुगाचं मला काही नव्हतं, पण माझी सॅक आत होती. शेजारी दादा सगळ्या पापुद्र्यांसकट घोरत होते, आणि दर घोरण्याला काठी थोडी हलत होती.

पहाटे त्यांनी डोळे उघडले. वर बघितलं, मला बघितलं.

"एका काठीवर रात्र काढली बघ! आजकालच्या तंबूंना जमेल?"

उतरताना बुटांचे उरलेले तुकडे त्यांनी रुमालात बांधून घेतले. टायरचा तळ लावून घेणार आहेत.

पुढच्या शनिवारी कळसूबाई ठरलंय. तंबू दादांचाच. आमच्यातल्या तिघांनी घरी लग्न असल्याचं कळवलंय. कोणाचं, ते मात्र एकालाही सांगता आलेलं नाही.