मंगलाष्टका नकोत, पंगत चालेल

न्यूयॉर्क राज्यात लिबर्टी रिज नावाचं एक शेत आहे. भोपळ्याच्या मोसमात तिथे जत्रेसारखी गर्दी असते आणि एरवी तिथे लग्नं लागत. आपल्याकडच्या हायवेलगतच्या लॉन्सचाच हा अमेरिकन अवतार. 2012 साली एका मुलीने बुकिंगसाठी फोन केला. बोलण्याच्या ओघात तिने जोडीदाराचा उल्लेख ‘ती’ असा केला आणि पलीकडचा सूर बदलला. अशी लग्नं आमच्याकडे लागत नाहीत, असं उत्तर आलं.

मालक जोडपं श्रद्धाळू ख्रिस्ती. विधीला त्यांची ठाम हरकत, पण नंतरचं रिसेप्शन आमच्याकडे करायचं तर या, जागा बघून जा, अशी तयारी होती. म्हणजे मंगलाष्टका नकोत, पंगत चालेल! अक्षता पडल्या की धर्म बुडतो, जेवणावळीचं बिल फाडलं की तो पुन्हा तरंगतो. राज्याने 10 हजार डॉलर दंड ठोठावला आणि दोघींना प्रत्येकी दीड हजार द्यायला लावले. 2016 मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. अर्धी सेवा देऊ केली म्हणून नाकारलेली अर्धी माफ होत नाही, असं कोर्टाने सुनावलं.

आता कुणी म्हणेल, श्रद्धेची टिंगल कशाला? टिंगल श्रद्धेची करतच नाही. तिच्या तपासनिसाची करतो, कारण हा गृहस्थ नेमका एकाच टेबलापाशी ड्युटीवर असतो. मत्तयच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय या वादात हमखास उघडला जातो. चौथ्या वचनात नर आणि नारी आहेत, त्यावर बोट ठेवलं की काम झालं. तेच बोट जरा खाली, नवव्या वचनावर न्या. व्यभिचाराखेरीज दुसऱ्या कारणाने बायको सोडून दुसरी करणाऱ्याला येशूने तिथे थेट व्यभिचारी ठरवलंय. मग बिजवर, तिजवर नवरे अ‍ॅडव्हान्स घेऊन येतात तेव्हा आधीचं लग्न का मोडलं, असं कोणता हॉलवाला विचारतो? तो फक्त व्हेज की नॉनव्हेज एवढंच विचारतो.

इंग्लंडात कॉर्नवॉलच्या एका हॉटेलवाल्या जोडप्याने निदान मोजपट्टी तरी सगळ्यांना लावली होती. डबल बेड फक्त विवाहितांना. अविवाहित स्त्री-पुरुषांनाही नाही. 2008 मध्ये तिथे आलेल्या दोन पुरुषांची नागरी भागीदारी रीतसर नोंदलेली होती. पण त्या काळी कायदा त्यांना लग्नच करू देत नव्हता. जी अट सात जन्मांत पुरी होणार नाही, तिला नियम म्हणायचं? 2013 मध्ये हॉटेलवाले ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात हरले.

पण दुसरी बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. 2015 मध्ये इंडियाना राज्यातल्या एका छोट्या पिझ्झा दुकानात टीव्हीची बातमीदार पोचली. समलिंगी लग्नाची ऑर्डर आली तर काय कराल? मालकाची मुलगी म्हणाली, दुकानात येऊन कुणीही जेवावं, लग्नाला मात्र पिझ्झा पुरवणार नाही. अशी ऑर्डर कुणी दिली नव्हती. लग्नात पिझ्झा वाढायचं कुणाच्या मनातही नव्हतं. तरी धमक्यांचा असा पाऊस पडला की शटर ओढावं लागलं. मग पाठीराख्यांनी 8 लाख 40 हजार डॉलरांवर वर्गणी जमवली. न भाजलेल्या पिझ्झाला एवढा भाव आजवर कुणी दिला नसेल!

या गदारोळात कॉर्नवॉलच्या खटल्यातल्याच न्यायाधीश लेडी हेल यांनी 2018 मध्ये एक रेघ बरी ओढली. बेलफास्टच्या ख्रिस्ती बेकरीने साडेछत्तीस पौंडांचा केक नाकारला होता, कारण त्यावर समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या, असं लिहून हवं होतं. बेकरी जिंकली. गिऱ्हाईक कोण हे बघून नकार देता येणार नाही, पण पटत नाही ते लिहून द्यायची सक्तीही करता येणार नाही. हॉटेलवाले हरले आणि बेकरीवाले जिंकले, यात विसंगती नाही. खोलीची किल्ली देणं म्हणजे घोषणा देणं नव्हे.

अमेरिकेत मात्र ही रेघ पुसट होत चालली आहे. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी एका वेबसाइट डिझायनरला समलिंगी लग्नांचं काम नाकारायची सूट दिली, कारण तिचं काम म्हणजे अभिव्यक्ती. वेबसाइटचं एक वेळ समजू शकतो. पण आता खुर्च्यांना सॅटिनचे बो बांधणाऱ्यालाही आपण कलावंत असल्याचा साक्षात्कार होईल. या मंडळींनी कधी काना गावच्या लग्नाची गोष्ट वाचावी. येशूचा पहिला चमत्कार चक्क केटरिंगचा आहे: द्राक्षारस संपला होता, तो त्याने पुरवला. नवरा-नवरीची नावंसुद्धा योहानाने नोंदवलेली नाहीत.

राहता राहिलं आयोवा राज्यातलं, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं एक जोडपं. जुन्या चर्चच्या इमारतीत ते लग्नं लावून द्यायचं. 2013 मध्ये त्यांनी दोन पुरुषांना नाही म्हटलं, प्रकरण अंगाशी आलं, 5 हजार डॉलर मोजून मिटवलं. त्यानंतर त्यांनी सगळ्यांचीच लग्नं बंद केली आणि 2015 मध्ये धंद्यालाच कुलूप लागलं. त्यांचं मत मला पटत नाही, पण अखेरीस हिशेब चोख ठेवला. श्रद्धा त्यांची आणि खोटही त्यांनीच खाल्ली. बाकीच्यांना श्रद्धा स्वतःची हवी, फक्त तिचं बिल तेवढं गिऱ्हाइकाने भरावं.