समुद्र राहू द्या, ऊस दाखवा

निघायच्या आदल्या रात्री आबांनी मला एकच प्रश्न विचारला.

"गुरुजी, तिथं हंगाम कवा सुरू होतो?"

"पर्यटनाचा ना? हाच."

"पर्यटन जाऊ द्या. उसाचा म्हणतोय मी."

आबा आमच्या पाटोदा तालुक्यातले जुने मुकादम. वीस-बावीस वर्षं त्यांनी ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या. कधी सांगली-कोल्हापूर, कधी कर्नाटक. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. तो पुण्यात कंपनीत लागला, बऱ्यापैकी कमावू लागला आणि आईबापाला मॉरिशस दाखवायचं त्याच्या मनानं घेतलं. पण परदेशात दोघांना इंग्रजी कसं जमणार? म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला मी, दुभाषा म्हणून फुकटात सोबत. आमच्या सौभाग्यवतींनी गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहणं पसंत केलं. माझ्या इंग्रजीवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता, हे खरं कारण.

बीडहून मुंबईला रात्रभर ट्रॅव्हल्सनं गेलो, आणि मुंबईहून मॉरिशसला त्याहून कमी वेळात पोचलो. आबांना हे पटेना. "एवढ्यात आफ्रिका आली?" असं त्यांनी हवाईसुंदरीला विचारलं. तिनं आणखी एक चॉकलेट दिलं. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. आबांनी ते मागं करायला साफ नकार दिला. मुकादमाचं घड्याळ मागं गेलं तर फडावर कोण पोचेल, असा त्यांचा सवाल. चारही दिवस आम्हाला त्यांनी दीड तास आधी उठवलं.

देशाची ओळख करून द्यायची तर आधी मोजमाप सांगतो. मास्तरकीची खोड आहे. मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. बीड जिल्हा १०,६९३. म्हणजे आमच्या अकरा तालुक्यांतले दोन उचलून हिंदी महासागरात ठेवले की झाला देश तयार. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात याच्या दुप्पट माणसं होती. बेटाची लांबी साधारण ६५ किलोमीटर. बीडहून अंबाजोगाईला निघालेला माणूस त्या बेटावर तेवढाच चालला, तर योगेश्वरीचं दर्शन होण्याआधीच समुद्रात पडेल. एवढ्याशा जागेत पंतप्रधान, राष्ट्रपती, संसद, विरोधी पक्ष, सगळं आहे. हे ऐकून आबा विचारात पडले. "म्हंजी आपल्या दोन तालुक्यांना एक पंतप्रधान मिळाला असता." इच्छुक किती निघतील याचा हिशेब आम्ही दोघांनी बोटांवर सुरू केला आणि बोटं संपल्यावर सोडून दिला.

बेटाचा इतिहासही आमच्या सोसायटीच्या चेअरमनपदासारखा, सारखा हात बदलणारा. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव दिलं. उडता न येणारा भलामोठा डोडो पक्षी त्यांच्या काळात संपला, आणि उसाचं बेणंही त्यांनीच १६३९ मध्ये जावाहून आणलं. डचांनी बेट सोडलं. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी ते त्यांच्याकडून जिंकलं. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. ही तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेची, मुद्दाम निवडलेली. राज्यकर्ते बदलत गेले, ऊस मात्र जागचा हलला नाही.

आता माझ्या इंग्रजीचं. संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच आणि माणसं बोलतात ती क्रिओल, असा तिथला कारभार. आमच्या ड्रायव्हरला मी व्याकरणशुद्ध इंग्रजीत विचारलं, त्याला ते कळलंही, पण उत्तर आलं ते क्रिओलमध्ये. दुसऱ्या दिवसापासून काकू (आबांची मंडळी, अख्खं गाव त्यांना काकूच म्हणतं) हातवाऱ्यांनी बोलू लागल्या आणि त्यांना सगळं मिळू लागलं: गरम पाणी, जादा उशी, मिरची. तिसऱ्या दिवशी मीही हातवाऱ्यांवर आलो.

नोटांवरून तर आबा खूश झाले. मॉरिशसच्या रुपयाच्या नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषांत मजकूर असतो. १९९८ मध्ये नव्या नोटा निघाल्या, त्यांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला, तमिळ मंडळी रस्त्यावर उतरली आणि सरकारला त्या नोटा मागं घ्याव्या लागल्या. मी हे सांगितल्यावर आबांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "लग्नपत्रिकेत नाव खालवर झालं की आपल्याकडं दोन भावक्या तुटतात. हितं तर नोट हाय."

पहिला दिवस समुद्राचा होता. समुद्र निळा होता, वाळू पांढरी होती, परदेशी लोक उन्हात पालथे पडले होते. "हे आजारी हायती का?" काकूंनी विचारलं. समुद्राबद्दल एवढंच. बाकीचं तुम्हाला कोणत्याही प्रवासी कंपनीच्या कॅलेंडरवर पाहायला मिळेल.

खरा प्रवास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. गाडी किनारा सोडून आत वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस. ऑगस्टचा शेवट होता. तिकडं तोडणी जूनमध्ये सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. आबा सीटवरून अर्धे उठले. "गाडी थांबवा! २६५ हाय का ८६०३२, बगू द्या." आकडे उसाच्या जातींचे, ड्रायव्हरला ते खोल्यांचे नंबर वाटले. तोडणीचं काम यंत्र करत होतं. आबांनी त्या हार्वेस्टरकडं असं पाहिलं, जसं नवीन सुनेकडं जुनी सासू पाहते. हे यंत्र आता आपल्याकडंही आलंय, आणि त्याला उचल द्यावी लागत नाही, ते गावाकडच्या लग्नाला पळून जात नाही, हे आबांना चांगलं ठाऊक आहे.

काकूंचं लक्ष मात्र यंत्रावर नव्हतं. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग रचलेले होते. साधेसुधे ढीग नव्हेत, पायऱ्यापायऱ्यांचे, देवळाएवढे. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, सगळा काळा पाषाण. आपल्या बालाघाटासारखाच.

"ही दगडं कुणी येचली?" काकूंनी विचारलं.

मी म्हणालो, "मजुरांनी. शेत मोकळं करायला."

"बायांनी बी?"

"बायांनीही."

त्या पुढं काही बोलल्या नाहीत. लग्नानंतर सात हंगाम त्यांनी स्वतः ऊस तोडलाय, आबा मुकादम होण्याआधी. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं दोन, मोजणीत एक.

दुपारी दाल पुरी खाल्ली. तिथलं हे रस्त्यावरचं खाणं: वाटलेल्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, वर रस्सा आणि मिरचीची चटणी, आणि विकतात ती जोडीनंच. काकूंनी पहिला घास घेतला, थांबल्या, पोळी उलगडून आत पाहिलं. "पुरणात गूळ घालायचं इसरले. एवढा ऊस, आन् पुरण अळणी!" मग चार जोड्या संपवल्या.

बो प्लाँ नावाच्या गावी १९९९ मध्ये बंद पडलेला एक साखर कारखाना आहे. तिथल्या लोकांनी त्याचं संग्रहालय केलं. आपल्याकडं बंद कारखान्याचं काय होतं ते वाचकांना सांगायला नको. आबांनी तिकिटाचा दर पाहिला आणि हात मागं घेतला. "जलमभर कारखान्याच्या गेटवर बसलो. पैसे देऊन आत जाऊ?" मुलानं ऑनलाइन पैसे आधीच भरल्याचं कळल्यावर ते आत शिरले आणि तीन तास बाहेर आले नाहीत. उसाच्या वजनाची माहिती सुरू झाली तेव्हा त्यांनी मला कोपरखळी मारली. "विचारा की, काटा मारत होते का?" मी विचारलं नाही. पाहुण्यानं घरातल्या गोष्टी विचारू नयेत. शेवटी निरनिराळ्या साखरा चाखायला देतात, पांढरीपासून काळपट ओलसर साखरेपर्यंत. काळी जिभेवर ठेवून काकू म्हणाल्या, "ही साखर कुठली? काकवी वाळवलीय." तिथल्या मुलीनं त्याच साखरेच्या सुबक पिशवीची किंमत सांगितली तेव्हा आबांनी ती आठवणीनं डायरीत लिहून घेतली. गुऱ्हाळ टाकायचं त्यांचं तेव्हापासून चाललंय.

शामारेलला सात रंगांची माती पाहिली. माती कुंपणात आहे, तीत पाय टाकता येत नाही. शेतकऱ्याला याहून काय वाईट दाखवणार?

गंगा तलाव मात्र मनात बसला. डोंगरावर, ढगात, ज्वालामुखीच्या खळग्यातलं तळं. १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं. काठावर १०८ फूट उंच महादेव उभा आहे, आणि महाशिवरात्रीला लाखो माणसं कावड घेऊन पायी येतात. पाण्याजवळचा महादेव आम्हाला नवा नाही, बीडचं कंकालेश्वर तर पाण्यातच आहे. पण तिथले लोक आपल्या देवळाला तेरावं ज्योतिर्लिंग म्हणतात हे कळलं आणि मी चाट पडलो. आमच्या परळीच्या वैजनाथाला बारांत बसवायला आम्ही झारखंडातल्या देवघरशी अजून भांडतोय. यांनी नंबरच पुढचा घेतला. तेराव्यावर कुणाचा दावा नाही.

गणपतीचे दिवस होते. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. तिथल्या मराठी माणसांचे पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात चढलेले, मुख्यतः रत्नागिरी-साताऱ्याकडचे. आमचं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. कास्काव्हेलच्या बाजूला एका घरी ओळखीतून गेलो. केळीच्या पानावर जेवण, अंगणात पोरं 'झाकरी' नाचत होती. कोकणातली जाखडी समुद्र ओलांडून झाकरी झालीय. घरातले आजोबा शाळेत मराठी शिकलेले. नमस्कार करून, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा काढत म्हणाले, "आपण कोणत्या गावाहून आलात?"

आबा म्हणाले, "बीडाहून आलोत. तुमचं कसं काय चालू हाय? पोरंबाळं काय करायलेत?"

आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. मग मी आबांच्या मराठीचं मराठीत भाषांतर केलं. अख्ख्या सहलीत माझा दुभाषा म्हणून उपयोग झाला तो तेवढाच.

शेवटच्या दिवशी पोर्ट लुईला मेट्रोनं गेलो. या देशात १८६४ मध्ये आगगाडी आली, शंभर वर्षं धावली, १९६४ मध्ये पार बंद झाली आणि २०२० पासून मेट्रो सुरू आहे. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी १९९५ ची. त्यांनी रेल्वे आणून, कंटाळून, मोडून, पुन्हा आणली, तरी आम्ही फलाटावरच. (अन्याय नको म्हणून सांगतो: आम्ही परतल्यावर १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली.)

बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. काळ्या दगडांच्या सोळा पायऱ्या. १८३४ पासून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी मजूर या देशात उतरले. ऊस तोडायला. २००६ पासून ही जागा जागतिक वारसा आहे. आतली माहिती मी वाचून सांगू लागलो.

"निघताना पगाराची काही रक्कम आगाऊ देत."

"उचल," आबा म्हणाले.

"पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. मजुरांवर सरदार नेमलेला असे. तो मुलखात जाऊन नवी माणसं घेऊन येई."

"मुकादम!" आबांचा चेहरा असा फुलला, जणू घाटावर त्यांच्या आजोबांचा फोटो सापडला.

"आणि मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापत."

आबा काही बोलले नाहीत. काकू बोलल्या. त्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या, तिथूनच.

"खाडा. तुमचं बी तसंच होतं की."

"आगं, कारखान्याचा नियम..."

"म्या तापीनं पडले व्हते तवा बी कापला तुमच्या चुलत्यानं. मग तुम्ही मुकादम झालाव, तुम्ही बी कापला. गुरुजी, फुडं वाचा."

मी पुढं वाचलं. आबा पायऱ्या मोजत वर गेले, खाली आले. सोळाच भरल्या.

परतीच्या विमानात आबांनी घड्याळ पाहिलं. मुंबई आली तेव्हा ते बरोबर निघालं. पारावर सगळे जमले आणि समुद्र कसा आहे ते विचारू लागले. आबा म्हणाले, "ऊस चांगला हाय. दगड लई."

दसरा झाला. टोळी आता आबांचा पुतण्या नेतो. ट्रॅक्टर भरले, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं वर चढली. आबा काठी टेकत गेले आणि पुतण्याला बाजूला घेऊन म्हणाले, "खाड्याचं दुप्पट कापू नको. एकाचं एकच काप."

मागून काकू म्हणाल्या, "आन् आजारी असंल त्याचं?"

ट्रॅक्टर सुरू झाला होता. पुतण्याला ऐकू गेलं नाही.

आबांना गेलं.