आधी निष्कर्ष, मग प्रयोग

दहावीच्या विज्ञानात लेखीला 80 गुण आणि प्रात्यक्षिकाला 20. या वीस गुणांइतकं भरवशाचं पीक महाराष्ट्रात दुसरं नाही. पाऊस पडो न पडो, ते पदरात पडतंच.

ओहमचा नियम पडताळायला व्होल्टमीटर आणि अ‍ॅमीटर लागतात, असा जुना समज होता. आता गेल्या वर्षीची कुणाची तरी प्रयोगवही पुरते. तिच्यातला आलेख इतका सरळ, की 1827 साली नियम छापणाऱ्या ओहमनंही हात जोडावेत. तार तापली की तिचा रोध बदलतो म्हणतात. आमच्या तारा तापत नाहीत. त्या कपाटात असतात आणि किल्ली रजेवरच्या सरांकडे.

पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक, हे पोरांना पाठ. म्हणून थंड प्रदेशात तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात, हेही पाठ. पण ‘सर, पाणी असं का वागतं?’ असं एखाद्यानं विचारलंच, तर ‘अपेक्षित प्रश्नांत आहे का ते?’ हा प्रतिप्रश्न तयार. आणि पेपरात मात्र ‘शास्त्रीय कारणे लिहा’!

1976च्या घटनादुरुस्तीनं वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. चूक एवढीच झाली, की त्याला गुण ठेवले नाहीत. दोन गुण ठेवून बघा. जूनमध्ये त्याचे क्लास सुरू होतील आणि मार्चपर्यंत दृष्टिकोन सगळ्यांचा तोंडपाठ असेल.