तठे कोनी हॉर्न वाजाडस नही!

नवागामचे आप्पा तुम्हाला माहीत आहेतच. असे आप्पा गावोगावी असतात. इथले सुरतेहून थेट बँकॉकला जाऊन आलेले, एवढाच फरक. 2024 च्या डिसेंबरात ती विमानसेवा सुरू झाली आणि नवागाम-डिंडोली पट्ट्यात या जातीची पैदास वाढली. नळाला पाणी येत नाही म्हणा, लूमवरच्या मजुरीचं काढा, आप्पांचं उत्तर ठरलेलं: "तठे कोनी हॉर्न वाजाडस नही, भो!" बाराव्याच्या जेवणात कुणी म्हणावं, गेलेला माणूस मोठा शांत होता, आणि आप्पांनी पत्रावळीवरून मान वर करून थेट बँकॉकच्या सिग्नलवर पोचावं. शांततेचा विषय निघालाच आहे, तर हॉर्न कसा राहील?

यावर पहिला आक्षेप असा की पाच दिवसांच्या पॅकेज टूरमध्ये एसी बसच्या काचेतून माणसाला काय कळणार? त्यातून टूरसोबत स्वयंपाकाला महाराज, म्हणजे थाळीत जिरा राईस आणि पनीर. थायलंड जिभेला लागलंच नाही. आक्षेप रास्त आहे, पण आप्पांचं निरीक्षण त्याने खोटं ठरत नाही. बँकॉकची वाहतूक कोंडी जगात बदनाम आहे, तरी तिथे उगाच हॉर्न वाजवणं उद्धटपणाचं समजतात. चुकतं ते आप्पांचं निदान. "कायदा कडक, दंड जबर," असं ते ठासून सांगतात. तो नमुना सिंगापूरचा, जिथे 1992 मध्ये च्युइंग गमवरच बंदी आली. थाई माणसाचा हात हॉर्नवर जात नाही तो मुख्यतः चारचौघांत वाईट दिसतं म्हणून. हे मान्य केलं तर आप्पांची पंचाईत होते. दंड सरकारने लावायचा असतो. भिडेची सुरुवात मात्र स्वतःपासून करावी लागते, आणि पांडेसऱ्याच्या सिग्नलला दिवा हिरवा होण्याआधीच मागून जो कर्कश हॉर्न येतो, तो बहुधा आप्पांचाच असतो.

"आपले लोक सुधारायचे नाहीत," हे त्यांचं पुढचं वाक्य. ते इतर कुठल्या शहरात खपलं असतं, सुरतेत खपू नये. 1994 च्या प्लेगने याच शहरातून लाखो माणसं पळाली. पुढच्याच वर्षी एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले आणि कचऱ्यासाठी कुप्रसिद्ध असलेलं हे गाव दोनेक वर्षांत स्वच्छतेसाठी नावाजलं गेलं. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. म्हणजे सवयी बदलतात याचा पुरावा आप्पांच्या दारात आहे. पण दाराशी जायला पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे ते मोजत नाहीत.

तरी आप्पांचा राग फार वेळ धरता येत नाही, कारण मुलुख बदलणं म्हणजे काय हे ते बँकॉकच्या कितीतरी आधी शिकले होते. खानदेशातून भुसावळ-सुरत पॅसेंजरने येताना नवापूर लागलं. या स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधून हद्द जाते. त्यापुढे पाट्यांची लिपी वेगळी, वरणात गूळ, शेजारच्या लूमवर ओडिशाचा माणूस. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या पोराने हे सगळं टिपलं नसेल? नक्की टिपलं असणार. पण सुट्टीत गावी गेल्यावर त्याला विचारलं गेलं ते रोज किती पडतो एवढंच. मजुराच्या प्रवासाला कुणी प्रवास म्हणत नाही, आणि त्याच्या निरीक्षणांना श्रोते मिळत नाहीत. ते मिळाले तिकिटावर परदेशाचं नाव आल्यावर. आप्पांचा मुलगा इथेच, पालिकेच्या मराठी शाळेत शिकला. गुजराती बापापेक्षा सफाईने बोलतो. आप्पांनी चुकून नवापूरचं काढलंच, तर तो पाहुण्यांसमोर म्हणतो, "आप्पा, ते राहू द्या. पटायाचं सांगा."